हरिकेनच्या पंखावरचं कुंकू

तुम्ही गेलात तो नेमका नळाचा दिवस होता. आठवडाभर वाट बघून आलेलं पाणी, मोटर चालू आणि मी तुमच्या उशाशी. टाकी भरली, गच्चीवरून पाणी धो धो खाली यायला लागलं, तशा शेजारच्या काकू फाटकाशी येऊन ओरडल्या, "अहो, मोटर बंद करा की! गल्लीला हंडाभर मिळायची मारामार आणि तुमचं वाहून चाललंय!" तुमचा हात माझ्या हातात होता आणि तो गार होत होता. मला पहिली भीती कसली वाटली सांगू? आता तुम्ही मला बोलणार, याची. मी वाट बघितली. तुम्ही काहीच बोलला नाहीत, तेव्हा कळलं की तुम्ही गेलात.

मग माणसं आली. पुंडलिकनगरातल्या आपल्या त्या एवढ्याशा बैठकीत सतरंजी घातली आणि जो येईल तो तुम्हाला देवमाणूस म्हणायला लागला. शिस्तीचा माणूस, कलेचा माणूस, शब्दाचा पक्का माणूस. वैजापूरहून वन्सं आल्या, त्यांनी गळ्यात पडून हंबरडा फोडला, "वसंता लई गुणाचा व्हता गं!" मी सगळ्यांपुढे मान हलवत राहिले. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, असं म्हणतात. पण असताना तुम्ही मला बोलायला कधी जागा दिलीत? संसारभर तुम्ही बोललात आणि मी चहा केला. म्हणून आता थोडं मी बोलते. चहा ज्याचा त्याने करून घ्यावा.

तुमचा एक शब्द होता. रिजेक्ट. वाळूजच्या कंपनीत तुम्ही क्वालिटीत होता, दिवसभर माल तपासायचा आणि नापास नगावर लाल रंगाचा ठिपका द्यायचा, एवढं तुमचं काम. तो शब्द तुम्ही कंपनीच्या बसमधून रोज घरी घेऊन आलात. आमटी रिजेक्ट. इस्त्री रिजेक्ट. आपल्या लेकीसाठी, मुक्तासाठी आलेलं स्थळ, चहा संपायच्या आत, रिजेक्ट. मुक्ता लहान असताना भातुकलीत बाहुलीला हाच शब्द म्हणायची आणि तुम्हाला त्याचं कोण कौतुक. मला हसू येत नव्हतं, कारण ती माझा आवाज काढायला शिकली नव्हती, तुमचाच काढत होती.

हा शब्द आधी तुम्हाला लागला होता, हे मला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी कळलं, तेही वन्संकडून. तुम्हाला वायुदलात जायचं होतं आणि तुमचे डोळे नापास झाले. वन्सं म्हणाल्या, परत आलात तेव्हा दिवसच्या दिवस पांघरूण घेऊन पडून होता. मला तेव्हा तुमची दया आली होती. मग वाटलं, ज्याला एकदा असं नाकारलं त्याने दुसऱ्याला नाकारताना जरा तरी अडखळायला नको का? तुम्ही कधी अडखळला नाहीत.

रिटायर झालात आणि तुमच्या चुलतभावाने परदेशातून ते खोकं आणलं. दुसऱ्या महायुद्धातलं हरिकेन विमान, प्लॅस्टिकचं, सुट्या भागांचं, जोडून रंगवायचं. पूर्ण झालं की पंखांची लांबी हातभर. मागची खोली त्या दिवसापासून तुमची झाली. माझं शिलाई मशीन बाहेर आलं आणि आत तुमचे ब्रश, चिमटे, बाटल्या आणि सलीमभाई. सलीमभाई म्हणजे शहागंजातले दातांचे डॉक्टर, तुमच्यासारखेच विमानवेडे. ते दवाखान्यातली जुनी बारीक हत्यारं घेऊन यायचे आणि तुम्ही दोघं त्या विमानाच्या इंजिनात वाकून बसायचात, जसा काही पेशंट भूल देऊन झोपवला आहे.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे, तो काळ मला आवडला. पंख धडाला चिकटवताना दोन हात पुरायचे नाहीत, मग तुम्ही मला हाक मारायचात, "नलू, ये. इथं धर. हलू नको. श्वास धर." मी धरायची. तुम्हीही धरायचात. तुमचं डोकं माझ्या डोक्याला लागलेलं असायचं आणि खोलीत थिनरचा वास. सांधा पक्का झाला की दोघं एकदम श्वास सोडायचो आणि तुम्ही हसायचात. लग्नाच्या फोटोतसुद्धा आपण इतके जवळ उभे नाही. मग त्या विमानातला वैमानिक रंगवायची वेळ आली. नखाएवढं त्याचं तोंड. तुमचा हात थरथरायचा, डोळे तर मुळातले नापास, तेव्हा तुम्ही ब्रश माझ्या हातात दिलात. आपल्या देशातली मुलं ब्रह्मदेशाच्या आघाडीवर हे विमान चालवायची, असं तुम्ही सांगितलं होतं. म्हणून मी त्याला सावळा केला आणि बारीक मिशी काढली, तुम्हाला लग्नात होती तशी. तुम्ही भिंग लावून बघितलंत. मी रिजेक्टची वाट बघत होते. तुम्ही म्हणालात, "बरा जमलाय." त्या 'बरा'वर मी किती दिवस काढले, तुम्हाला कल्पना नाही.

पंखांवरची गोल चिन्हं मात्र तुम्हीच रंगवलीत. खोक्यातले चिकटवायचे छाप पिवळे पडले होते, म्हणून कंपास घेऊन, कागदी पट्ट्या लावून, जीव ओतून. बाहेर गडद निळा गोल, आत फिकट आभाळी. मी विचारलं, एवढंच? तुम्ही समजावून सांगितलंत. मूळच्या चिन्हात मधोमध लाल ठिपका असायचा. पण पलीकडे जपानी, आणि त्यांच्या विमानावर लाल सूर्य. आभाळात लाल दिसला की खालून आपल्याच तोफा आपलंच विमान पाडतील, म्हणून त्या आघाडीवर लाल रंग काढूनच टाकला होता. मी ऐकलं, आणि विसरले. घरात पापड वाळत होते.

मग खंडेनवमी आली. हत्यारं मांडायची, ही तुमच्याच घरची रीत. तुम्ही स्कूटर धुवायला खाली गेलात आणि जाताना म्हणालात, "सगळी हत्यारं मांड, काही राहू देऊ नको." मी पाट मांडला. तुमच्या कानशी, पकडी, माझी कात्री, मशीन, विळी, एवढंच काय मिक्सरसुद्धा. आणि मग वाटलं, या घरात खरंखुरं शस्त्र म्हणावं असं एकच आहे. मोठ्या मायेने विमान उचलून आणलं, पाटावर ठेवलं, समोर सीताफळ ठेवलं, झेंडूचं फूल ठेवलं. बोट हळदीत, मग ओल्या कुंकवात. गोल दिसला की आम्हा बायकांचं बोट आपसूक मधोमध टेकतं, तसं ते डाव्या पंखावरच्या गोलात टेकलं. काय सुंदर दिसलं हो ते! विमान घरचं झालं, असं मला वाटलं.

तुम्ही वर आलात. बरोबर सलीमभाई आणि त्यांची बायको, फराळाला बोलावलेले. मुक्ता पुण्याहून आलेली. तुम्ही पाटाकडे बघितलंत आणि तुमचा चेहरा उतरला. मग चढला. "अगं, जपानी केलंस की त्याला! आपल्याच तोफा पाडतील आता!" तुम्ही चप्पल घालूनच देवापुढे आलात, विमान उचललंत आणि फडक्यावर थिनर घेऊन घासायला लागलात. बाजारचं कुंकू ते, त्यात रंगच जास्त. जितकं घासलंत तितकं पसरलं. सलीमभाई म्हणाले, "वसंत, जाऊ दे यार, हो गया." तुम्ही वर बघितलंत आणि अगदी शांतपणे म्हणालात, "विमान रिजेक्ट. आणि बाईसुद्धा." मी निरांजन हातात घेऊन उभी होते. सलीमभाईंच्या बायकोने मान खाली घातली. मुक्ता आत गेली. मी ओवाळायचं काय ते ओवाळलं आणि सगळ्यांना वाढलं.

तिथून पुढे जे झालं त्याला काय नाव द्यावं कळत नाही. तुम्ही त्या गोलावर पुन्हा आभाळी रंग दिलात. वाळला, आणि खालून गुलाबी वर आला. पुन्हा दिलात, पुन्हा आला. लाल रंग असा पाझरतो, असं तुम्हीच चिडून सांगायचात. दर काही महिन्यांनी तुम्ही तो गोल रंगवायचात, दर वेळी जांभळट गुलाबी वर यायचा, आणि दर वेळी मागच्या खोलीतून हाक यायची, "ये, बघ! बघ तुझे पराक्रम!" घरी कोणी आलं की विमान बाहेर यायचं आणि तुमचं ठरलेलं वाक्य, "जपान्यांना जमलं नाही, आमच्या हिनं पाडलं." पाहुणे हसायचे. मी चहा आणायची. एकदा गुलमंडीतला अनोळखी दुकानदार मला म्हणाला, "विमानवाल्या वहिनी ना तुम्ही?" गावभर पाडलंत की हो मला.

मी एकदा म्हटलं होतं, नवीन पंख मागवा. तुम्ही म्हणालात, मिळत नाही. मी म्हटलं, दुसरं विमान घ्या. तुम्ही म्हणालात, "आणि हे काय करू? तुझ्या माहेरी पाठवू?" यावर आपलं भांडण झालं आणि ते तसंच राहिलं. तुम्ही ते संपवायच्या आधीच निघून गेलात, हेही तुमच्या स्वभावाला धरूनच झालं.

खुलताबादच्या घाटात तुम्ही स्कूटर थांबवायचात, तेव्हाचे तुम्ही मला आठवता, आणि मग मला राग धरता येत नाही. चिकलठाण्याला उतरणारं विमान दिसायच्या आधी तुम्हाला ऐकू यायचं. तुम्ही हेल्मेट काढून, मान वर करून, लहान पोरासारखे उभे. "ऐक, ऐक," म्हणत माझा दंड धरायचात. येताना खाजा घ्यायचात आणि त्याचा मोठा तुकडा मला द्यायचात. तो माणूस घाटातच राहायचा. घरी यायचा तो दुसराच.

शेवटी दवाखान्यातून घरी आणल्यावर तुम्ही विमान मागितलंत. मुक्ताच्या लेकीचा फोटो नाही, पाणी नाही, विमान. मी ते तुमच्या छातीवर धरलं. डोळ्यांना काही दिसत नव्हतं तुम्हाला. "अजून वर येतंय का?" तुम्ही विचारलंत. येत होतं, तुम्ही आजारी पडायच्या आधी दिलेला रंगही गुलाबी झाला होता. मी म्हटलं, "येतंय." आणि म्हटलं, "आता तरी म्हणा, ते चुकून झालं होतं." किती साधं मागणं होतं माझं! तुम्ही डोळे मिटून घेतलेत. तुमचे ओठ हलले. मी कान अगदी जवळ नेला, श्वास धरला. तुम्ही म्हणालात, "नीट ठेव. शेपूट मोडेल."

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. घाटावर मुक्ता होती, विधी तिनेच केले. मी घरी होते, नंतर तिने सांगितलं. ऊन चढलं, कावळे झाडावर बसून बघताहेत, एकही खाली येईना. भटजी म्हणाले, इच्छा राहिली असेल, काही तरी शब्द द्या. मुक्ता म्हणाली, "बाबा, आईला मी सांभाळीन." कावळा हलला नाही. म्हणाली, "आईला एकटं पडू देणार नाही." कावळ्याने मान दुसरीकडे केली. मग मागे उभे असलेले सलीमभाई म्हणाले, "बेटा, विमान बोल त्याला." मुक्ता म्हणाली, "बाबा, विमान पूर्ण करू." आणि तिने हात खाली घ्यायच्या आत कावळ्याने घास उचलला. हे सांगताना मुक्ता रडत होती आणि मला हसू फुटलं, इतकं, की वन्सं स्वयंपाकघरातून धावत आल्या. त्यांना वाटलं माझ्या डोक्यावर परिणाम झाला.

त्याच दिवशी संध्याकाळी वन्सं माझ्यासमोर बसल्या. माझ्या कपाळावर टिकली होती. मी मुद्दाम ठेवली नव्हती, काढायचं सुचलंच नव्हतं. त्यांनी हात पुढे केला आणि हळूच म्हणाल्या, "आता हे नाय चालत गं. लोकं बघत्यात." तुमचीच बहीण, तसाच हात, पुसायला पुढे आलेला. मी तो धरला. म्हटलं, "वन्सं, तुमच्या भावानं या घरातलं कुंकू आधीच एकदा पुसलंय. ते अजून निघालं नाही. आधी ते काढून दाखवा, मग माझ्याकडे या." त्यांना काही कळलं नाही. पण हात मागे घेतला आणि जाताना कुंकवाचा करंडा तेवढा देवघरातून उचलून कपाटाच्या वरच्या फळीवर टाकून गेल्या.

तेरावं झालं, मुक्ता पुण्याला गेली, आणि सलीमभाई आले. कावळ्याला दिलेला शब्द त्यांनी मनावर घेतला होता. खिशातून एक छोटी बाटली काढून त्यांनी टेबलावर ठेवली. आत चांदीसारखा रंग.

"वैनी, एक बात सांगू का? नाराज नका होऊ."

"आता कशाला नाराज होऊ? बोला."

"हा चांदीचा एक हात द्यायचा डागावर. चांदीच्या खालून लाल वर येत नाही. फिर उसके ऊपर आसमानी. एका दुपारचं काम आहे. मी त्याला तेव्हाच सांगितलं होतं, त्याच हप्त्यात."

"मग त्यांनी केलं का नाही?"

"वो बोला, नक्को." सलीमभाई चष्मा काढून पुसायला लागले. "मी लई म्हटलं त्याला. हसला. म्हणाला, सलीम, हा डाग गेला तर घरात बोलायला उरंल काय?"

ते गेल्यावर मी मागच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि तुमचं नाव घेतलं. उखाण्याखेरीज कधी घेतलं नव्हतं. मोठ्याने म्हटलं, "वसंता, मेल्या!" आणि मग लक्षात आलं की आता ही शिवीसुद्धा राहिली नाही. साधी माहिती झाली.

माझ्याशी बोलायला तुम्हाला डाग लागत होता? इतकी वर्षं पाहुण्यांपुढे माझं हसं केलंत, ते काय, गप्पा मारत होता माझ्याशी? मला बोलावून घ्यायची दुसरी रीतच तुम्हाला माहीत नव्हती का? 'ये, इथं धर' म्हणाला असता तरी मी आले असते की हो. रिकामा हात पुढे केला असता तरी धरला असता. मला तुमचा इतका राग आला आहे की तुम्ही समोर असता तर मी खरंच हात उचलला असता, आणि तुम्ही समोर नाही याचा त्याहून जास्त आला आहे. सलीमभाईंचं वाक्य मी दिवसभर उलटंसुलटं करून बघते. एकदा त्यात माया दिसते, एकदा नुसता दुष्टपणा दिसतो. दोन्ही असेल. मला निवड करायला सांगितली तर मी दुष्टपणा निवडीन, त्याची मला सवय आहे.

चांदीची बाटली मी उघडली नाही. स्टुलावर चढून करंडा काढला. कुंकू ओलं केलं, चांगलं दाट, आणि तुमच्या खुर्चीवर बसून चारी गोलांत मधोमध ठिपके दिले. दोन्ही पंखांवर वरून, मग विमान उताणं करून खालून. हात जरासुद्धा हलला नाही. मिशीवाल्या वैमानिकाकडे बघितलं, त्याची काही तक्रार दिसली नाही. मग ते बैठकीत, तुमच्या फोटोशेजारी ठेवलं. फोटोला रोज गंध लावते, पण ते काचेवरचं, ओल्या फडक्याने जातं. दुसऱ्या दिवशी सलीमभाई आले, बघून दारातच थांबले. "वैनी, हे तर जपानी झालं." मी म्हटलं, "होऊ द्या. पुरं झालं."

वन्संचा फोन आला होता. यंदा सणवार नाय, वरीस होईस्तोर कायबी मांडायचं नाय, असं बजावून सांगितलं. मी हो म्हटलं. खंडेनवमी आता जवळ आली आहे. मी पाट मांडणार आहे आणि पाटावर एकच वस्तू ठेवणार आहे. कुंकू लावणार आहे, मधोमध, सगळ्यांना दिसेल असं. पुसायचं असेल तर या.